वाडीला पाखरं बघायला जाण्याची पद्धत (नवशिक्यांसाठी)

फाल्गुन-चैत्रात नृसिंहवाडीला पक्षी बघायला निघणाऱ्याने घरी "दत्तदर्शनाला चाललोय" एवढंच सांगावं. खोटं काहीच नाही, दर्शन घ्यायचंच आहे. फक्त पौर्णिमा टाळावी. गर्दीत दुर्बीण गळ्यात घातलेल्या माणसाला लोक पार्किंगची जागा विचारतात.

पेहराव मळखाऊ असावा. मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' घरीच वाचून यावा, तो हातात धरून फिरायचं पुस्तक नव्हे.

पहिला धडा औदुंबराखाली. पिकल्या उंबरांवर तांबट येतो. त्याचं 'टुक टुक' ऐकू आलं की नवशिका झाडाभोवती प्रदक्षिणा घालू लागतो, कारण तांबट दर हाकेला मान वळवतो आणि आवाज भलतीकडून आल्यासारखा वाटतो. एका जागी उभं राहून शेंड्याकडे बघावं. तिथेच हरियल असतील तर आधी दिसणारच नाहीत. पिवळसर हिरवा राज्यपक्षी पानांत निपचित बसतो. मोजायला घेतलेत की सगळा थवा भर्रकन उडतो. आकडा वहीत अंदाजे लिहावा, सगळेच तसं करतात.

कोकीळ ऐकून डोळे मिटू नयेत, उघडावेत. लाल डोळ्यांचा काळाभोर नर ओरडत असतो. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी दिसली की नवशिका तिला नवीन जात समजून फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. टाकू द्यावा.

दुसरा धडा घाटावर. पावसाळ्यात दक्षिणद्वार सोहळ्याला पादुकांवरून वाहणारी कृष्णा आता पायऱ्यांखाली उतरलेली असते. वर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेला काळा-पांढरा पक्षी म्हणजे कवड्या खंड्या. त्याने सूर मारला की मासा मिळाला का, एवढंच बघावं. कॅमेरा काढेपर्यंत तो पैलतीरी. पंचगंगेच्या अंगाला केंदाळ साचलं असेल तर नाक दाबून का होईना, तिकडेही बघावं. नदीची ही दशा लाजिरवाणी आहे. बगळे मात्र त्या हिरव्या गालिच्यावर निवांत चालत मासे टिपतात.

काठच्या ओल्या चिखलावर फुलपाखरांचा घोळका बसलेला दिसेल. हे बहुतेक नर. चिखलातले क्षार शोषत असतात. फुलपाखरू फुलावरच बसतं ही समजूत इथे सोडावी.

तिसरा धडा उसाच्या बांधावर, आणि खरी मजा इथेच. तोडणी झालेल्या रानात पाचट पेटवलं की पळणारे किडे टिपायला कोतवाल धुरात घुसतात. वेडा राघू तारेवरून झेपावून मधमाशी आणतो, तारेवर आपटून तिची नांगी निकामी करतो, मगच गिळतो. त्याला वेडा कोणी म्हटलं कोण जाणे. तुम्ही एवढे रंगून बघत असताना मागून आवाज येतो, "मोजणीवालं काय वो?" दुर्बीण झटकन खाली करावी. "नाही मामा, पाखरं बघतोय," म्हटल्यावर मामा तुमच्याकडे दया आल्यासारखं बघतील आणि टिटवीने ढेकळात अंडी कुठे घातलीत ते हाताने दाखवतील. लांबूनच बघावं. चार पावलं जास्त गेलात तर टिटवी सगळं शिवार डोक्यावर घेते.

बांधावरच्या रुईपाशी गुडघे टेकावेत. पानावर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी असेल. ती रुईचा विषारी चीक पचवून अंगात साठवते. पुढे तिचं केशरी फुलपाखरू होतं तेव्हा तेही कडूच लागतं. ते अगदी सावकाश उडतं, एकदा चाखलेला पक्षी परत वाटेला जात नाही. मात्र फसू नका. दुसऱ्याच एका जातीची मादी हाच केशरी वेष घेऊन हिंडते, तिच्या अंगात विषाचा थेंब नाही. मागच्या पंखाच्या मध्याशी तीन-चार काळे ठिपके असतील तर माल अस्सल. एकच ठिपका असेल तर ती नक्कल. या नकलेच्या अळ्या आपली भाजीची घोळ खाऊन वाढतात.

कढीपत्त्यावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली तर पुसू नये, आधी निरखावी. चालू लागली तर ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी.

आणि बांधावर तणनाशक मारायला निघालेला कोणी पाहुणा भेटलाच, तर एवढं जरूर सांगा: बाकी काय मारायचं ते मारा, चार रुई तेवढ्या राहू द्या.