जळा, पण सावकाश

मालेगावचा आहे म्हटलं की समोरचा विचारतो, "यंत्रमाग कसे चाललेत?" ते नाशिकचं. आमचं वाशिमचं. आमच्याकडे माग नाहीत, हायवे आहे.

हायवे आहे म्हणजे ट्रॅव्हल्स आहेत. दिवेलागणीला अर्धी तरुण पिढी बॅगा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. सोयाबीन इथे, पोरं हिंजवडीत, आणि मधे रात्रभराची एक स्लीपर गादी.

त्या गादीबद्दलच बोलायचं आहे.

गेल्या आठवड्यात घरासाठी गादी घ्यायला गेलो. दुकानदाराने दाबून दाखवली, बसून दाखवली, "32 डेन्सिटी" म्हणाला. मग ठेवणीतला शब्द काढला. "एफआर आहे साहेब. फायरप्रूफ."

काडी लावून पाहू का, म्हटलं. त्याने चहा मागवला.

एफआर म्हणजे फायर रिटार्डंट. आगीला उशीर लावणारं. मराठीत आपण त्याला थेट अग्निरोधक करून टाकलं. इंग्रजीने फक्त उशीर कबूल केला होता, मराठीने पूर्ण बंदोबस्ताचं आश्वासन दिलं. भाषांतर आचारसंहितेच्या आदल्या दिवशी झालं असावं.

आता ती डेन्सिटी. 32 म्हणजे घनमीटरला 32 किलो. हेच पॉलियुरेथेन भरीव असतं तर तेवढ्या जागेत 1200 किलोच्या आसपास मावलं असतं. म्हणजे गादीतले शंभरातले 97 भाग हवा. हवेचे पैसे मोजतो याचं दुःख नाही, पाण्याचे मोजतोच. पण पऱ्हाट्या पेटवायला आई फुंकणी कशाला घ्यायची? या सरपणाने फुंकणी पोटातच ठेवली आहे.

हिशेब करा. सहा बाय पाच फूट, चार इंच जाड. वजन नऊ किलोच्या घरात. सगळी जळली तर जी उष्णता निघेल ती साधारण सात लिटर पेट्रोलची. पलंगाखाली सात लिटरचा कॅन ठेवून बघा, बायको रात्रभर झोपू देणार नाही.

पलंगावर ठेवला तर चालतो.

बरं, हा फोम लाकडासारखा सरळ जळतही नाही. आधी वितळतो. थेंब थेंब गळतो, खाली थारोळं साचतं, तेही पेटतं. वर गादी, खाली तिचंच तेल. शिवाय या फोमच्या अंगात नायट्रोजन आहे, म्हणून धुरात कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला हायड्रोजन सायनाइड येतं. ज्वाळा पोचायच्या आधीच माणूस आडवा होतो. झोपलेला माणूस तर आधीच आडवा असतो.

मग एफआर काय करतं? करतं, काही कमी नाही. फोम बनवतानाच त्यात औषध मिसळतात. क्लोरीनवाली फॉस्फेटं असतील तर तापल्यावर क्लोरीन ज्वाळेत शिरतं आणि तिला जिवंत ठेवणाऱ्या चपळ कणांना धरून बसवतं. मेलामाइन उष्णता गिळतं. फुगणारं ग्रॅफाइट फुगून वर कवच धरतं. काही औषधांमुळे फोम ज्वाळेपासून आकसून मागे सरतो. काडी लावली, फोम सरकला, काडी विझली. पास!

आग काडीएवढीच असेल, ही अट बारीक अक्षरात.

काडी, अगरबत्ती, चार्जरची ठिणगी यांना एफआर दारातून परत पाठवतं आणि तेवढंही पुष्कळ झालं. पण शेजारची खुर्ची, पडदा, डिझेल असं काही पेटलेलं अंगावर आलं की औषधाची बाटली संपते. फोम जळतोच. वर अर्धवट जळण्याने धूर वाढतो, तो वेगळा.

"पण साहेब, टेस्ट पास आहे!"

टेस्ट काय आहे ते कोणी विचारत नाही. बसच्या बर्थची गादी धरून गाडीच्या आतल्या सामानासाठी आपल्याकडे आयएस 15061 हे मानक आहे. 356 मिलिमीटर लांब आणि 100 रुंद पट्टी घ्यायची. जाडी जास्तीत जास्त 13 मिलिमीटर. चार इंचांच्या गादीचा पापड करून परीक्षेला बसवायचा. खाली गॅसची छोटी ज्वाळा, 15 सेकंद. मग आग किती वेगाने सरकते ते मोजायचं.

जळूच नये, असं मानक म्हणत नाही. मिनिटाला 100 मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने जळू नये, म्हणतं. आगीला स्पीड लिमिट! समृद्धी महामार्गावर गाड्या पाळतात तशी तीही पाळत असेल.

मिनिटाला दहा सेंटिमीटर, म्हणजे सहा फुटांची बर्थ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जळायला 18 मिनिटं. कागदावर. तेवढ्यात माणूस उठेल, चप्पल शोधेल, चार्जर काढून घेईल. फक्त एक घोळ आहे. पट्टी आडवी ठेवून पेटवतात आणि बसमध्ये पडदे उभे असतात, बर्थवर बर्थ असते. आगीचा स्वभाव वर चढायचा, तिला आडवी चालवून बघितली आणि चालते सावकाश, असा दाखला दिला. आमच्याकडे गाडीची पीयूसी अशीच निघते.

1 जुलै 2023. समृद्धी महामार्ग, सिंदखेडराजाजवळ, मध्यरात्र उलटून गेलेली. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली. 25 माणसं गेली. त्याआधी 8 ऑक्टोबर 2022 ला पहाटे नाशिकमध्ये, यवतमाळहून मुंबईला निघालेली बस ट्रेलरवर आदळून पेटली. 12 गेले. दोन्ही रस्ते आमच्या ओळखीचे. समृद्धी तर आमच्या तालुक्यातूनच जाते.

चर्चा काय झाली? ड्रायव्हर, टायर, डिझेलची टाकी, रस्त्याचं संमोहन. चर्चा बरोबरच, आग लागते ती अशाच कशाने तरी. पण बसच्या आत काय भरलं होतं, हा प्रश्न टीव्हीवर तुम्ही ऐकलात? मी नाही. गादीची उलटतपासणी होत नाही. आगीनंतर ती सापडतच नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये जैसलमेर आणि कुर्नूल, दहा दिवसांत दोन स्लीपर बस पेटल्या. पुन्हा तपासणी मोहीम, पुन्हा हातोड्या मोजणं. काच फोडायची हातोडी आहे का? आहे. गादी कशाची आहे? नरम आहे.

गंमत पाहायची तर विमान पाहा. अमेरिकेने 1984 मध्ये विमानाच्या सीटसाठी नियम केला. पट्टी नाही, अख्खी गादी ठेवायची. तेलाचा बर्नर, हजार अंशांचा झोत, दोन मिनिटं. एवढं करून गादीचं वजन दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटता कामा नये. म्हणून नुसत्या औषधावर न विसंबता फोमभोवती आग अडवणाऱ्या कापडाचं चिलखत घालू लागले. तिकडे हजार अंश, दोन मिनिटं. इकडे बोटभर ज्वाळा, 15 सेकंद.

जमिनीवरच्या माणसाला उडी मारता येते, असा विचार असावा. वरच्या बर्थवरून, पडद्यातून, दीड फुटाच्या वाटेने.

औषधाचंही एक पुराण आहे. 1977 साली अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतलं ट्रिस नावाचं ब्रोमीनवालं औषध बंद झालं. कॅन्सरची भीती. त्याच्या जागी क्लोरीनवाला भाऊ आला. त्याच्यावरही बोट ठेवलं गेलं, तो कपड्यांतून गेला आणि सोफ्यात जाऊन बसला. 2011 मध्ये कॅलिफोर्नियाने त्याचं नाव कॅन्सरकारकांच्या यादीत घातलं. बदली झाली होती, निलंबन नव्हे. ही पद्धत आपलीच वाटते की नाही?

हे औषध फोमला बांधलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं बाहेर पडतं, घरच्या धुळीत उतरतं. धूळ फरशीवर, फरशीवर रांगणारं पोर, पोराचा हात तोंडात. आग लागलीच नाही तरी औषध लागतं.

सोफ्यात औषध घालायला लावलं कोणी? त्याच कॅलिफोर्नियाच्या 1975 च्या नियमाने. उघड्या फोमला 12 सेकंद ज्वाळा. उघड्या! सोफा कधी खोळ काढून बसायला देतात का? खोळ पेटून आग फोमपर्यंत पोचते तेव्हा ती मेणबत्ती राहिलेली नसते. ही साधी गोष्ट नियमात उतरायला 2013 उजाडलं. आता खोळ, अस्तर यांवर धुमसती सिगारेट ठेवून तपासतात आणि औषधाशिवायही पास होता येतं. 1977 मध्ये ट्रिसवर बोट ठेवणाऱ्यांत रसायनशास्त्रज्ञ आर्लीन ब्लम होत्या. पुढच्याच वर्षी त्या महिलांची मोहीम घेऊन अन्नपूर्णेवर गेल्या आणि फत्ते करून आल्या. सोफ्याशी मात्र त्यांना पुन्हा भांडावं लागलं.

आपल्याकडे? गादीकाम केलेल्या फर्निचरसाठी 2008 चं मानक आहे, आयएस 15768. सक्तीचा आदेश निघाला 2023 मध्ये. आणि मानक कोणत्या फर्निचरसाठी? बिगरघरगुती. म्हणजे हॉटेल, थिएटर वगैरे.

घरात आग लागत नाही, हे सरकारला कोणी कळवलं?

एकेकाळी पिंजारी दारात यायचा. अंगणात तारेचा टणत्कार, घरभर कापूस, नाकात कापूस, वरणात कापूस. ती गादी काही देवमाणूस नव्हती. बिडी पडली तर रात्रभर धुमसायची, धुमसून जीवही घ्यायची. पण बहुधा वास सोडायची, खोकवायची, वेळ द्यायची. कुठलंही औषध न पिता उशीर लावायची. आज आमचा कापूस जिनिंगमध्ये जातो आणि पिकवणारा स्पंजवर झोपतो. तोही कधी रिबॉन्डेड, म्हणजे कारखान्यातल्या कतरणी चिकटवून केलेला ठोकळा. त्यातली कुठली कतरण एफआर आणि कुठली साधी, हे त्या ठोकळ्यालाही माहीत नसतं.

शेवटी गादी घेतली का? घेतली. कापसाची मिळेना. "फायरप्रूफ लिहून द्या बिलावर" म्हटलं, तर दुकानदाराने पेन उचललं, विचार केला आणि लिहिलं, "गादी, 1 नग".

शनिवारी पुण्याला निघालो. बुकिंगवाल्या पोराने सगळं विचारलं. एसी की नॉन-एसी, वरची की खालची, खिडकी कोणत्या बाजूची. मीही विचारलं, गादी कशी आहे?

"एकदम नवी टाकली काका," तो अभिमानाने म्हणाला. "पन्नीबी नाई काढली अजून."