गिरगाव ते गिरगाव, दोन इंच वर

जीप उंच कशी करावी हे शिकवणाऱ्या व्हिडिओंत एक गोरा गृहस्थ घराचं शटर वर करतो. आत चार गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेले पाने. तो हसून सांगतो, की हे काम कुणालाही घरच्या घरी जमेल. गिरगावात घर म्हणजे एकशे ऐंशी चौरस फूट, पाच माणसं, एक दिवाण आणि मोरीत पिंप. त्यामुळे माझ्या चुलतभावाने जुनी महिंद्रा एमएम 540 आणून ‘सस्पेन्शन घरीच करायचं’ असं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वाडीतला चौक होता. चौकात नळ, कॅरम आणि मंडळाचं सामान यांची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची. जीपला भिंतीकडेची एक पट्टी मिळाली होती आणि ती इतकी मोक्याची, की गाडी जरा हलली तर तिथे कुणाची तरी स्कूटर लागलीच म्हणून समजा. परिणामी, डोंगरदऱ्या तुडवायला घेतलेली ही गाडी ठाकूरद्वार नाक्यापर्यंतही गेली नव्हती.

वाडीत कुणी पाना हातात घेतला की चारही गॅलऱ्या भरतात. सल्ले वरून खाली पडतात. त्यातला मानाचा सल्ला मात्र तळमजल्यावरून आला. तिथले काका परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. 1879 पासून चालत आलेला तो कारखाना, आणि त्यातल्या निम्म्या काळाला आपण साक्षी आहोत असा काकांचा एकूण सूर.

“जॅक काढ आधी,” काका म्हणाले. “पाटा काय असतो ते कळतंय का तुला?”

मग बनियनवर उभ्या उभ्या त्यांनी जे समजावलं ते त्या गोऱ्या गृहस्थाला जमलं नव्हतं. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, सर्वांत लांब तो मेन पाटा, मधोमध सेंटर बोल्ट, आणि हा सगळा गठ्ठा यू-बोल्टांनी आसाला आवळलेला. पाट्याचं एक टोक चासीला जागच्या जागी पिनेवर, दुसरं शॅकलवर झुलतं, कारण पाटा दबला की लांबतो आणि त्याला सरकायला वाव लागतो. शॅकल लांब केलं की गाडी उचलली जाते. पण ते दोन इंचांनी लांबवलं तर गाडी एकच इंच उचलते, कारण पलीकडचं टोक तिथेच असतं.

“म्हणजे कबूल दोन, हातात एक?” चुलतभाऊ म्हणाला.

“बिल्डरने शिकवलं नाही का तुला?” पहिल्या मजल्यावरून आवाज आला. वाडीचा पुनर्विकास तेव्हा सातव्या सर्वसाधारण सभेत अडकला होता.

चुलतभावाला सहा इंच हवे होते. काकांनी बोटं मोडून दाखवली: प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडणार, गाडी थरथरणार, ब्रेकची नळी ताणली जाणार. पुढची शॅकल लांबवली तर चाकांचा कलही बदलतो आणि सरळ रस्त्यावर गाडी स्वतःच्या मताने जाऊ लागते. मग आस आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी पाचर ठोकायची. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या मूळ रचनेला हात लावण्याबद्दल काय म्हटलं तेही ऐकवलं. शेवटी तडजोड झाली ती दोन इंचांवर: एक शॅकलमधून, एक पाट्यांना नवा बाक देऊन. एवढी वाढ ताडदेवच्या आरटीओला नुसत्या डोळ्यांनी दिसेल का, यावर जिन्यात रात्री उशिरापर्यंत मतभेद चालू होते.

रविवारी आम्ही निघालो. रिकाम्या जागेवर काकूंनी मंडळाचे दोन वासे आडवे टाकले आणि वर स्वतः खुर्ची टाकून बसल्या.

पहिला मुक्काम ऑपेरा हाऊस. पंचम जॉर्ज 1911 मध्ये मुंबईत आले, तेव्हा ज्याचं उद्घाटन झालं त्या नाट्यगृहाच्या आसपासच्या गल्ल्यांत आता गाड्यांचे सुटे भाग मिळतात. रविवारी अर्धं शटर वर असलेलं एकच दुकान सापडलं. आम्ही शॉकअप मागितले. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “ओरिजिनल चाहिए, या चलनेवाला?” असा प्रांजळपणा मी दुसऱ्या कुठल्याच व्यवसायात पाहिलेला नाही. आम्ही चालणारे घेतले. बुश मात्र ओरिजिनल.

तिथून दारूखान्याला, शॅकलच्या जाड पट्ट्यांसाठी. वाटेत माझगाव लागलं. 1949 मध्ये विलीजच्या जीपा सुट्या भागांच्या रूपात जहाजाने येऊन इथेच जोडल्या जायच्या, म्हणून चुलतभावाने गाडी थांबवून नमस्कार केला. मागच्या टॅक्सीवाल्याने त्या नमस्काराची जी संभावना केली ती इथे देता येत नाही. दारूखान्यात रेती आणि गंज यांच्यामध्ये मोडीत निघालेल्या जहाजांचं लोखंड पडलेलं असतं. आमच्या जीपच्या अंगात त्या दिवसापासून कुठल्या तरी जहाजाचा हिस्सा आहे. पावसाळ्यात त्याचा उपयोग होईल, एवढंच मनात आलं.

लालबागच्या वेल्डरकडे पोचलो ते दुपारी. भाद्रपद तोंडावर आलेला. त्याचं बाकीचं वर्ष गॅलऱ्यांच्या ग्रिलवर जातं, पण या दिवसांत तो मूर्तींच्या ट्रॉल्या आणि मंडपांचे दरवाजे करतो. त्यामुळे लहान माप त्याच्या हाताला बसत नाही. शॅकल झाली. भट्टीवाल्याने पाटे तापवून, ठोकून, तेलात बुडवून बाक दिला. टबाच्या तळाचा कुजलेला पत्रा कापल्यावर क्लचच्या बाजूने लालबागचा रस्ता दिसू लागला. वेल्डरने तिथे नवा पत्रा जोडला आणि मग पुढे लावायला सी-चॅनलचा असा काही बंपर दाखवला, की त्यावर सनई-चौघडा बसला असता. असल्या बुलबारांवर केंद्राने 2017 च्या डिसेंबरातच बंदी आणली आहे, असं मी म्हटलं. तो म्हणाला, “मग विसर्जनानंतर लावा.” या युक्तिवादाचं उत्तर वकीलसाहेबांकडेही नसावं.

निघणार तोच ढोल वाजले. परळ वर्कशॉपमधून चिंचपोकळीचा चिंतामणी निघाला होता. 1920 पासूनच्या मंडळाचं आगमन, म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. ऑफ-रोडिंगमध्ये गाडी चिखलात रुतते असं ऐकलं होतं; आमची माणसांत रुतली. समोरून एवढी थोरली मूर्ती संथपणे येत होती. खाली कसले पाटे आणि कसले शॉकअप, नुसती चाकं. आणि बाजूने शंभर हात. पुढे लांब बांबू घेतलेली पोरं “वायर! वायर!” ओरडत रस्त्यावरच्या सगळ्या केबली अलगद उचलून धरत होती. मूर्तीच्या बोटाला धक्का लागला नाही. चुलतभाऊ जीपच्या बॉनेटवर उभा राहून ते पाहत होता. आणखी सातजणही त्याच बॉनेटवर उभे होते. नव्या पाट्यांची चाचणी तिथेच पार पडली.

गर्दी ओसरली आणि आभाळ फुटलं. हिंदमाताला पालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्या, पंप बसवले, तरी पावसाची या चौकावरची माया काही आटत नाही. टॅक्सी बंद, स्कूटरी ढकलत चाललेल्या. आमची जीप मात्र लाटा कापत निघाली. चुलतभावाची छाती त्या दोन इंचांहून अधिक उचलली गेली. दादर टीटीला आत्या उभी होती, तिला घरी सोडायचं होतं. तिने जीपची पायरी पाहिली, आपला गुडघा पाहिला.

“यात चढायचं कसं मेल्यांनो? पाट आणलाय का?”

आम्ही दोघांनी धरून चढवायची तयारी दाखवली. आत्याने पर्स काखेत मारली, छत्री मिटली आणि समोर आलेल्या बेस्टच्या बसमध्ये ती आमच्याआधी शिवाजी पार्ककडे रवाना झाली.

रात्री वाडीच्या तोंडाशी आलो तर मध्येच ब्रेक. दिवसभरात तिथे एका नेत्याच्या वाढदिवसाचा फलक बांधला गेला होता, आडवा, सैल, ओला होऊन लोंबलेला. जीपचं हूड बरोबर साहेबांच्या हनुवटीला टेकलं. मी बांबू आणायला निघालो.

“हात लावू नको!” चार गॅलऱ्या एकदम ओरडल्या. ज्या शहरात बाप्पासाठी वायरी उचलतात, तिथे साहेबांची हनुवटी उचलायला एकही माणूस पुढे येईना. हूड सोडवावं म्हटलं तर त्याचे बोल्ट लालबागच्या वेल्डरने कायमचे डागले होते.

अखेर काका छत्री घेऊन आले. खाली वाकून त्यांनी चारही टायरांची हवा सोडायला लावली. जीप फुसफुसत खाली बसली आणि हनुवटीखालून अलगद आत आली. काकूंनी वासे उचलले. काकांनी खिशातली टेप काढून जमिनीपासून हूडपर्यंत माप घेतलं, काल पेन्सिलीने भिंतीवर केलेली खूण पाहिली आणि म्हणाले, “बरोबर. होती तेवढीच आहे. वकीलसाहेबांना सांगा, कलम लागत नाही.”