कर्क, जेम्स टी. : नावात तफावत

रविवारी भाचा जेवायला आला होता. श्रीखंडाची दुसरी वाटी चालू असताना मी सहज म्हणालो, "बाकी काही म्हण, नाव असावं तर असं. जेम्स टायबेरियस कर्क!" भाच्याने चमचा खाली ठेवला.

"मामा, टायबेरियस कार्टूनमधून आलंय. कार्टून धरायचं नाही."

"म्हणजे त्याचं नाव टायबेरियस नाही?"

"आहे ना. पण तिथून नाही."

'धरायचं नाही' हे शब्द मी गल्लीतल्या क्रिकेटनंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. तिथे निदान ज्याची बॅट त्याचा कायदा, एवढं तरी स्पष्ट असे. इथे बॅट कोणाची हेही भाच्याला सांगता येईना. 'कॅनन', म्हणजे अधिकृत काय ते, असतं, ते ठरलेलं असतं, आणि ते ज्याला कळतं त्याला कळतं. शास्त्री-पंडितांनी पोथीतल्या ओव्या प्रक्षिप्त ठरवाव्यात त्या गांभीर्याने तो बोलत होता. फक्त शास्त्रीबुवांच्या मिशीला श्रीखंड नसे.

प्रकरण असं. कर्क हा 'स्टार ट्रेक'मधल्या अंतराळजहाजाचा कप्तान. ती मूळ मालिका १९६६ ते १९६९ चालली, ७९ भाग झाले आणि बंद पडली. १९७३ मध्ये तिची चित्रमालिका निघाली. अमेरिकेत शनिवारी सकाळी, अर्ध्या अर्ध्या तासाचे एकूण २२ भाग. जहाज तेच, बहुतेक माणसं तीच, त्यांचे आवाजही मूळच्याच नटांचे. त्यातल्या 'बेम' नावाच्या १९७४ च्या भागात कर्कच्या नावामधला 'टी' पडद्यावर पहिल्यांदा उलगडला : टायबेरियस. मग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वरून ठरलं की ही मालिका हिशेबात नाही. आणि १९९१ च्या सहाव्या चित्रपटात टायबेरियस पुन्हा उच्चारलं गेलं. चित्रपट हाडामांसाच्या माणसांचा असल्याने नाव पक्कं झालं.

मधल्या काळात त्या 'टी'ने काय करायचं, हे कोणी सांगत नाही. कर्कला विचारलं असतं, "टी म्हणजे काय हो?" तर तो काय म्हणाला असता? "होतं काहीतरी, पण हल्ली धरत नाहीत"?

आणि खरी गंमत पुढेच आहे. १९६६ च्याच एका भागात कर्कचा जुना मित्र गॅरी मिचेल याच्या अंगी दैवी शक्ती येते. तो नुसत्या इच्छेने कर्कसाठी कबर तयार करतो आणि तिच्यावर नाव कोरतो : जेम्स आर. कर्क. 'आर'! ज्याला वस्तू शून्यातून निर्माण करता येतात, त्याला मित्राचं मधलं अक्षर ठाऊक नाही. ही चूक मालिकेतली, म्हणून अधिकृत. दगडात कोरलेला 'आर' खरा, आणि तोंडाने सांगितलेला टायबेरियस खोटा. कारण ते तोंड पेन्सिलीने काढलेलं होतं.

ज्यांचं मधलं नाव कधी चुकलेलं नाही त्यांना यात विनोद दिसेल. मला दिसत नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'दत्तात्रय' आहे आणि पासबुकावर 'दत्तात्रेय'. एका मात्रेचा फरक. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नावात तफावत आहे." मी म्हणालो, "अहो, वडील एकच होते." त्या म्हणाल्या, "तसं लिहून आणा." मी स्टॅम्पपेपरवर लिहून आणलं, की दत्तात्रय आणि दत्तात्रेय ही एकच व्यक्ती असून ती व्यक्ती माझे वडील आहे. बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "यांची सही?" वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. मी मृत्यूचा दाखला काढून दिला. त्यावर 'दत्तात्रेया' होतं. बाई हसल्या नाहीत. मला वाटतं, कॅनन सांभाळणारी माणसं कुठल्याही ग्रहावर हसत नसावीत. एखाद्या कागदावर बसलेला शिक्का आयुष्यभर आपल्या घरात जेवलेल्या माणसाहून खरा कसा, हा प्रश्न मी त्यांना विचारणार होतो, पण मागे रांग होती आणि रांगेतला मनुष्य म्हणाला, "काका, लवकर आटपा, एक मात्रा तर आहे." एक मात्रा तर आहे! मग मला हाकलायला तरी ती कशी पुरते?

असो. भाच्याकडे येऊ. मी त्याला विचारलं, चित्रमालिका का धरायची नाही? म्हणाला, त्यात काहीही दाखवलंय; एका भागात कर्कचा सहकारी स्पॉक याची अवाढव्य प्रतिकृती आहे, राक्षसाएवढी. पटण्यासारखं नाही.

बरं. मग पटण्यासारखं काय, ते पाहू. १९६८ च्या एका अधिकृत भागात स्पॉकचा मेंदू चोरीला जातो. मेंदू. जहाजावरचे डॉक्टर मॅककॉय बिनमेंदूच्या स्पॉकच्या डोक्याला यंत्र बसवतात आणि हातातल्या रिमोटने त्याला खेळण्यातल्या गाडीसारखा चालवत दुसऱ्या ग्रहावर नेतात. तिथे मेंदू सापडतो. मग शस्त्रक्रिया. ती अर्ध्यावर आल्यावर डॉक्टर गोंधळतात, तेव्हा टेबलावर पडलेला स्पॉकच त्यांना पुढे कुठली शीर कुठे जोडायची ते सांगतो. हे सगळं घडलेलं आहे. इतिहास आहे. १९६७ च्या एका भागात कर्क एका हिरव्या सरड्याशी हातघाईवर येतो. तो सरडा म्हणजे रबरी पोशाखात घामाघूम झालेला माणूस आहे, हे आमच्या कृष्णधवल टीव्हीवरसुद्धा दिसत होतं. (त्या टीव्हीचं सांगायचं तर, लाल सदऱ्याचा शिपाई ग्रहावर उतरला की मरणार हे जगाला ठाऊक होतं, आम्हाला सगळेच सदरे राखाडी दिसत, म्हणून रविवारी सकाळी प्रत्येक मरणाचा धक्का आम्हाला नव्याने बसे. रंगीत टीव्ही घेतल्यावर ती मजा गेली.) तर रबरी सरडा खरा. पण चित्रमालिकेतला अरेक्स, तीन हात, तीन पाय, तिसरा हात थेट छातीतून, मुकाट्याने जहाज हाकणारा, शहाणा, कुठल्याही भागात कोणाचा मेंदू न हरवलेला, तो नाही. त्याचा गुन्हा एवढाच की त्याच्या आत घामाघूम माणूस नव्हता.

भाचा म्हणाला, "मामा, मुद्दा तो नाही. ती मुलांसाठी होती."

इथे मात्र माझा तोल गेला. मुलांसाठी होती! म्हणजे त्यातलं मरण खरं नाही का? त्याच मालिकेतल्या १९७३ च्या एका भागात लहान स्पॉकच्या पाळलेल्या जनावराला विषारी नखांची जखम होते. ते वाचवता येईल, पण वेदनेत जगेल. निर्णय त्या पोराने घ्यायचा. पोर त्या जनावराला शांतपणे मरू द्यायला सांगतं. शनिवारी सकाळी, न्याहारीच्या वेळी, मुलांसाठी! मोठ्यांच्या ७९ भागांत रिमोटवर चालणारा स्पॉक दाखवला, आणि त्याच्या बालपणातलं हे दुःख दाखवायला मुलांची मालिका लागली. मूळ मालिकेला एकही एमी मिळालं नाही. या पोरखेळाला १९७५ मध्ये मुलांच्या उत्कृष्ट मालिकेचं डेटाइम एमी मिळालं. पण तेही धरायचं नसेल. मुलांचं म्हटलं की अर्धं तिकीट, अर्धी वाटी, अर्धं खरं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? मोठ्यांसाठी वाईट लिहिणारा तो साहित्यिक, मुलांसाठी चांगलं लिहिणारा तो बालसाहित्यिक. सभेत त्याला बसवतात ते टोकाच्या खुर्चीवर, आणि बोलायला देतात ती हार-तुरे आणि चहा यांच्या मधली पाच मिनिटं. मी हे स्वानुभवाने लिहीत नाही. मला चार मिनिटं मिळाली होती.

आणि दुटप्पीपणा असा, की हाकललेल्या मालिकेच्या ट्रंकेतलं सामान मात्र एकेक करून घरात आलं. टायबेरियस घेतलं. जहाजाचा पहिला कप्तान रॉबर्ट एप्रिल पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो तिथेच, १९७४ च्या शेवटच्या भागात. २०२२ मध्ये तो हाडामांसाचा होऊन परत आला, आणि कोणी त्याला विचारलं नाही की बाबा, तू आधी कुठे होतास. तो राक्षसी स्पॉकसुद्धा २०२१ मध्ये नव्या चित्रमालिकेत सांगाड्याच्या रूपाने दाखवला गेला. नवी चित्रमालिका धरतात, बरं का. म्हणजे चित्र खोटं, पण त्याचा सांगाडा खरा. २०२३ मध्ये तर त्या नव्या चित्रमालिकेतली दोन माणसं सदेह होऊन दुसऱ्या मालिकेत उतरली, त्यांना तिथे सगळ्यांनी हात लावून पाहिला आणि कोणाचंही बोट कागदाला लागलं नाही. सुनेचे दागिने तिजोरीत, सून माहेरी, आणि विचारलं तर "आमच्याकडे परंपरेनेच आहेत."

वरच्यांचं मन पुढे बरंच निवळलं म्हणे. भाच्याचं नाही. जाताना श्रीखंडाचा डबा मात्र त्याने धरला.

रात्री झोप येईना. उठलो, वडिलांच्या वेळचा जुना मसुदा काढला आणि बसलो लिहायला. 'मी, जेम्स टायबेरियस कर्क, धंदा नोकरी, राहणार जहाजावर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की जेम्स आर. कर्क, जेम्स टी. कर्क व जेम्स टायबेरियस कर्क ही एकच व्यक्ती असून ती मी आहे.' खाली साक्षीदार म्हणून अरेक्सचं नाव घातलं. तीन हात आहेत, तिन्ही प्रतींवर एकदम सही करील.

मग खिडकीतल्या बाई डोळ्यांसमोर आल्या. चष्म्यावरून पाहत होत्या.

"साक्षीदाराचा डाव्या अंगठ्याचा ठसा आहे, उजव्याचा आहे. मधल्याचा कुठाय?"