क्वेरी चालत नाही, शिक्का चालतो

एक्सेलमध्ये बाहेरचा डेटा ओढून आणणाऱ्या पॉवर क्वेरीचं रिफ्रेश दाबायचं, चहाला जायचं आणि परत येऊन संगणकाला शिव्या द्यायच्या, ही आता जागतिक कार्यालयीन संस्कृती आहे. इलाजही सगळीकडे तेच. रॅम वाढवा. ६४ बिटचं ऑफिस टाका. बॅकग्राउंड रिफ्रेश बंद करा, नाही जमलं तर पुन्हा चालू करा. शेवटी आयटीवाला येतो आणि मशीन रीस्टार्ट करून जातो. फाईल उघडून आत काय भरलंय ते बघायची पद्धत नाही. जपानात तर ते असभ्यच मानत असावेत.

कारण तिथे आत तक्ता नसतो, चित्र असतं. आधी सगळे रकाने चिंचोळे करायचे, इतके की पडद्यावर आलेखवही उघडल्यासारखी वाटावी. मग हवे तेवढे चौकोन मर्ज करून फॉर्म आखायचा. नाव इथे, विभाग तिथे, आणि कोपऱ्यात हांकोसाठी, म्हणजे साहेबलोकांच्या नावाच्या शिक्क्यांसाठी, चौकटी. काही महाभाग तर एका चौकोनात एकच अक्षर भरायला लावतात. ए-४ कागदावर छापून निघालं की दृष्ट काढावी असं देखणं! क्वेरीला मात्र कागद दिसत नाही. तिला मर्ज केलेल्या पट्टीत पहिल्या घरात मजकूर आणि पुढे नुसतं ‘नल’, ‘नल’, ‘नल’ दिसतं.

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा तोक्योत निशि-कासाईला राहतो. तिथे मराठी आयटीवाले बरेच. दर महिन्याला शाखाशाखांतून येणाऱ्या असल्या फायली एका फोल्डरमधून ओढायच्या, हे त्याचं काम. डेटाबेस असता तर पॉवर क्वेरीने गाळणीचं काम डेटाबेसवरच ढकललं असतं आणि हवं तेवढंच मागवलं असतं. एक्सेलच्या फाईलवर ही सोय नाही. दोन ओळी हव्या असल्या तरी अख्खं पान वाचावं लागतं. त्यात कोणीतरी तळापर्यंत रंग आणि रेघा ओढून ठेवलेल्या, म्हणजे रिकाम्या ओळीसुद्धा वाचनात. वर एकाच मूळ क्वेरीवर बेतलेल्या अनेक क्वेऱ्या, आणि त्यातली प्रत्येक क्वेरी मूळ फाईल पुन्हा पहिल्यापासून वाचू शकते. तारखा जपानी रेवा सनातल्या, आकडे कुठे रुंद अक्षरांत तर कुठे अरुंद. बिचारी क्वेरी हळू चालते म्हणे!

जपानी सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. खासदार तारो कोनो यांनी २०१६ सालीच संशोधन अनुदानाच्या असल्या आलेखवही-अर्जांवरून शिक्षण मंत्रालयाला धारेवर धरलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये अंतर्गत व्यवहार मंत्रालयाने सांख्यिकी तक्त्यांसाठी नियमच काढले: एका घरात एकच माहिती, मर्ज नको, आकड्याच्या घरात अक्षरं नकोत. म्हणजे ज्ञान सरकारी पातळीवर उपलब्ध आहे. पुढे डिजिटल मंत्री झाल्यावर कोनोंनी सरकारी कामातल्या फ्लॉपीविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि २०२४ च्या जुलैत ते जिंकल्याचं जाहीर झालं. फ्लॉपी हरली, कारण ती कपाटात सापडत होती. आलेखवही सगळ्यांच्या बोटांत आहे.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे आकड्याच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिल्याशिवाय माहिती वरिष्ठांना सादर होत नाही, आणि त्या एका निरंकाने अख्खा रकाना मजकूर होऊन बसू शकतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली गावांची नावं क्वेरीत कशी उमटतात, ते सभ्य वृत्तपत्रात छापता येणार नाही. तिकडे इंग्लंडने तर सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये जुन्या एक्सेलच्या ६५,५३६ ओळींच्या मर्यादेपायी कोरोनाचे १५,८४१ रुग्ण नोंदीतून गाळले. त्या मानाने जपानी फाईल सज्जन. वेळ खाते, पण माणसं खात नाही.

तर काकूंच्या मुलाने साधा तक्ता करून दिला. एक नोंद, एक ओळ. मर्ज नाही, रंग नाही. रिफ्रेश दाबून खुर्चीतून उठायच्या आत काम संपलं. शाखाप्रमुखांनी वाकून अभिनंदन केलं आणि शिक्के कुठे मारायचे, असं विचारलं. शिवाय छापल्यावर उजवी बाजू दुसऱ्या पानावर जात होती. बैठक झाली आणि जुना फॉर्म सन्मानाने परत आला. क्वेरीच्या संथपणाची मात्र गंभीर दखल घेण्यात आली: त्याला जादा रॅम मंजूर झाली आहे. फक्त अर्ज भरायचाय. एक्सेलमध्येच आहे, चौकोनात एकेक अक्षर.