बीडिंग तेवढं राहिलंय

जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांत सरळसरळ दोन जाती आहेत. पहिल्या जातीकडे पॅकार्ड, ब्यूक असल्या गाड्या असतात, त्या पुसायला माणूस असतो आणि रॅलीच्या दिवशी मालक फेटा बांधून नुसता स्टिअरिंगमागे बसतो. त्यांची काळजी वर्तमानपत्रांच्या पुरवण्या घेतात. दुसऱ्या जातीला कुणी वाली नाही, म्हणून हा प्रपंच. बेताची पेन्शन, एकच पार्किंग, पान्या-पकडींचा डबा आणि ताडपत्रीखाली एक फियाट, एवढ्या भांडवलावर ही मंडळी वर्षानुवर्षं सुखाने नांदत असतात.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत असे एक फियाटकाका आहेत. गाडी १९७१ सालची, फियाट अकराशे डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ती बाहेर पडली तेव्हा 'पद्मिनी' हे नाव अजून यायचं होतं, ते आलं १९७४ ला. तेव्हा येता-जाता काकांना "काय, पद्मिनी कुठवर आली?" असं चुकूनही विचारू नये. जाळी, दिवे, डॅशबोर्ड या क्रमाने आपलं अज्ञान दूर केलं जातं आणि हातातली भाजी सुकते. गाडी त्यांनी पेठेतल्या एका वाड्यातून उचलली. वाडा बिल्डरकडे चालला होता आणि गाडीत सरपण भरलेलं होतं. सरपणासकट भंगाराच्या भावात मिळाली. "फुकटात पडली," असं काका सांगतात. "पडली खरी," असं काकू म्हणतात.

गाडी कधी होणार, या प्रश्नाला काकांचं उत्तर ठरलेलं आहे. "झालीच आहे. बीडिंग तेवढं राहिलंय." बीडिंग म्हणजे काचेभोवतीची आणि दाराची रबरी पट्टी. हे वाक्य ते इंजिन तळमजल्यावरच्या गॅलरीत तुळशीशेजारी होतं तेव्हाही म्हणत, आणि चारही दारं जिन्याखाली उभी होती तेव्हाही म्हणत. पुढचा सलग बाक तर अजून त्यांच्या हॉलमध्येच आहे. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो, त्यामुळे पुढच्या बाकावर मधे अडथळा नाही आणि तिघं आरामात मावतात. पाहुणे आले की काकू त्यांना तिथेच बसवतात. मुलगी बघायला आलेले लोकही त्याच बाकावर बसले होते. लग्न जमलं, पण जावई अजून सोफा कुठून घेतला ते विचारतो.

घरच्या घरी केलं की पैसे वाचतात, हा या जातीचा मूळ सिद्धांत. पत्र्याच्या कामाचा आकडा ऐकून काका डेंटरकडून तडक उठून आले होते. "लुटायला बसलेत," म्हणाले, आणि स्वतःच कामाला लागले. त्यासाठी ग्राइंडर घेतला. रंगासाठी कॉम्प्रेसर हवा, तो बुधवारच्या जुन्या बाजारात अगदी स्वस्तात मिळाला. स्वस्तात मिळण्याचं कारण घरी आल्यावर कळलं. मग त्याचा व्हॉल्व्ह शोधायला नाना पेठ, मोटर बांधून घ्यायला आणखी एक दुकान. गेले काही महिने फियाटचं रंगकाम बंद आहे, कारण काका कॉम्प्रेसरचा जीर्णोद्धार करतायत. त्यालाही आता फक्त एक वॉशर राहिलाय.

पण काकांच्या कारागिरीला हसू नये, असं मला मनापासून वाटतं. गंजलेली गाडी विकणारा सडका पत्रा लांबी भरून गुळगुळीत करतो आणि वर झकास रंग मारतो. डोळ्याला काही कळत नाही. काकांनी यावर फ्रिजवरचं चुंबक काढलं. महाबळेश्वरहून आणलेली लाल स्ट्रॉबेरी. पत्र्याला ओरखडा पडू नये म्हणून ती रुमालात धरून ते दारावरून इंच इंच फिरवतात. चिकटली की पत्रा, सुटली की लांबी. सुटेल तिथे खडूने गोल. पहिल्या दिवशी डावी बाजू संपेपर्यंत खडूच संपला. मागच्या चाकावरच्या कमानीत तर स्ट्रॉबेरी एकदाही चिकटली नाही. तो सगळा भाग आधीच्या कुणा मालकाने नुसत्या लांबीतून घडवलेला होता. काका रागावतील असं वाटलं, पण ते बराच वेळ तिथे उकिडवे बसून राहिले आणि म्हणाले, "हात मात्र चांगला होता हो त्याचा."

या कामात सोसायटीचा वाटा बॅटरी धरण्याचा. संध्याकाळी पार्किंगमधून जाणारा कुणीही सुटत नाही. "जरा इकडे उजेड धरता?" एवढंच ते म्हणतात. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलेलं असतं आणि पॉइंटच्या फटीचं माप घेणं चालू असतं. ही फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आतली. जास्त झाली किंवा कमी झाली तरी ठिणगीची वेळ चुकते. फीलर गेज काकांकडे आहे, पण तो घ्यायला उठावं लागतं, म्हणून ते लग्नपत्रिकेचा कोपरा सरकवून बघतात. जाड पत्रिका या कामी जपून ठेवलेल्या असतात. आमच्या घरच्या लग्नाची पत्रिका मी डोळ्यांदेखत तिथे शहीद होताना पाहिली. आपण म्हणतो, काका, निघू का, आणि ते म्हणतात, हलू नका.

महिन्या-दोन महिन्यांनी नाना पेठेतले एक म्हातारे मिस्त्री येतात. स्टुलावर बसतात, चहा घेतात, इंजिनाकडे बघतात आणि निकाल देतात, "खोलना पडेगा." काकांचा चेहरा उजळतो. परवाच बसवलेलं पुन्हा खोलायला मिळणार! मला वाटतं त्यांच्या आनंदाचं मर्म इथेच आहे. आणि हिशोबाचंही. एकरकमी खर्च केला तर बेरीज डोळ्यांसमोर उभी राहते. थोडं थोडं केलं तर ती कधीच करावी लागत नाही. आज साडेतीनशेचं गॅस्केट, पुढच्या आठवड्यात क्लचप्लेट. काकू घरखर्च लिहितात, म्हणून काही वस्तू औषधांच्या खात्यावर जातात. काकूंना सगळं ठाऊक आहे. "आमच्याकडे यांना काही नाही, बीपी गाडीलाच आहे," असं त्या भिशीत सांगतात. पानामागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने त्या बेरीजही मांडतात. ती काकांना त्यांनी आजवर दाखवलेली नाही. याला संसार म्हणतात.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत भरली होती. सगळी मुंबई हळहळत होती. काकाही हळहळले, आणि डोळे पुसून लगेच कुर्ल्याच्या भंगारवाल्याला फोन लावला. एवढ्या टॅक्सी मोडीत निघाल्या म्हणजे दारांची हँडलं, वायपरच्या मोटरी, मागचे पाटे, सगळं बाजारात येणार. भंगारवाल्याने भाव तिप्पट सांगितला. त्यानेही पेपर वाचला होता.

शेजाऱ्यांचे सल्ले ते ऐकून घेतात. आयटीतल्या एका मुलाने सुचवलं, डायनॅमो काढा आणि मारुतीचा अल्टरनेटर टाका. काका त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराच्या नळ्या खातं, म्हणून नळ्या बदलून झाल्या. घाटात गाडी तापली की पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो, त्यावर ओलं फडकं ठेवायचं असतं. खंबाटकीसाठी एक सुती फडकं काकांनी ग्लव्हबॉक्समध्ये घडी करून ठेवलंय. गाडी अजून गेटापर्यंत गेलेली नाही.

मधे एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली, की बंद वाहनं हलवावीत. काका फाइल घेऊन मीटिंगला हजर झाले. पन्नास वर्षं झालेली गाडी मूळ स्वरूपात राखली असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. फी वीस हजार. ती थोडी थोडी भरता येईल का, अशी चौकशी काकांनी आरटीओत आधीच केली होती. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. काकांनी हे कलम दोनदा वाचून दाखवलं. "म्हणजे न चालवणं हे बेकायदेशीर नाही. उलट मी नियम येण्याआधीपासून पाळतोय."

सेक्रेटरी गप्प झाले. मागच्या रांगेतून काकू म्हणाल्या, "अहो, पण मला साताऱ्याला माहेरी नेणार होतात ना हिच्यातून?"

काकांनी चष्मा वर केला, कागद पुन्हा चाळला. "बसेल," म्हणाले, "तांत्रिक संशोधनात बसेल. खंबाटकीत पंप तापतो का, ते बघायचंच आहे. तेवढं बीडिंग होऊ दे."