गप्प बसायला शिकवणाऱ्या मॅडम

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मेडिकलच्या वर, ‘स्पीच थेरपी’ अशी पाटी आहे. तिथल्या मॅडमना सगळी गल्ली ओळखते, कारण मॅडम बोलतात. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, पत्ता विचारणाऱ्याशी. एकदा राँग नंबर लागलेल्या माणसाचा घोगरा आवाज ऐकून त्यांनी त्याला आधी तंबाखू सोडायला आणि मग घसा दाखवायला सांगितलं. अशा बाईकडे नव्या मुली गप्प बसायला शिकायला येतात.

या मुली बीएएसएलपीच्या, म्हणजे श्रवण आणि वाचा-उपचारांच्या पदवीच्या. तीन वर्षं शिक्षण, चौथं वर्ष इंटर्नशिप, मग भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी. १९९२च्या कायद्यानं ती लागतेच. अमेरिकेत तर पदव्युत्तर पदवीनंतरही किमान ३६ आठवडे कुणाच्या तरी नजरेखाली काढावे लागतात. मॅडमच्या मते तेवढ्यात पोरीचं तोंड जेमतेम मिटतं.

नातवाला घेऊन मी तिथं बसतो, त्यामुळे नवी मुलगी लगेच ओळखू येते. हातात चित्रांचा गठ्ठा, तोंडात प्रश्नांचा. “हे काय आहे? सांग ना! बॉल! म्हण, बॉल!” लेकरू पंख्याकडे बघतं. मागच्या खुर्चीवर मॅडम बोटांवर दहापर्यंत मोजत असतात. आकडा पुरा व्हायच्या आत पोरगी बोलली, की वहीत फुली. “काहून घाई करायलीस? त्याची पाळी होती, तूच खाल्ली.”

मग स्वतः दाखवतात. घट्ट झाकणाच्या बरणीत बिस्किट टाकून बरणी लेकराच्या हातात देतात, आणि राँग नंबरलाही न सोडणारी ही बाई दगडासारखी बसते. लेकरू बरणी हलवतं, आपटतं, चावतं. आई पदर पिळत असते, इंटर्नचा जीव जातो. शेवटी लेकरू म्हणतं, “उघ.” झाकण उघडतं. पोरगी टाळ्या वाजवायला जाते, तर मॅडम डोळ्यांनीच दटावतात. “अजून” हा शब्द यायचा असतो.

चित्रांचा गठ्ठा पहिल्याच आठवड्यात कपाटात जातो. त्यात इग्लू असतो, झायलोफोन असतो, गाजराच्या नाकाचा बर्फाचा माणूस असतो. “आपल्याकडं बर्फ रसवंतीत भेटतो. टँकरचं चित्र आण.”

टँकर उगाच नाही. आमच्या शहराला पाणी पुरवणारा पैठणचा नाथसागर जलाशय भरलेला असो वा नसो, आमच्या नळाला पाणी काही दिवसांआडच येतं, आणि त्या दिवशी एकही आई वेळेवर येत नाही. एका इंटर्नने फाइलीत लिहिलं, ‘पालकांचा सहभाग असमाधानकारक’. मॅडमनी ते खोडून लिहिलं, ‘नळ आला होता’. पुढच्या वेळा त्यांनी पाण्याचा दिवस टाळूनच लावल्या. पुस्तकातल्या किती थेरपिस्टांना हे सुचलं असतं, मला शंका आहे.

दुसरीने, शहरी वळणाच्या मुलीने, एका मुलाचा ‘ण’चा दोष शोधून काढला. तो पाण्याला पानी म्हणे. मॅडम म्हणाल्या, “त्याची माय पानी म्हणते, बाप पानी म्हणतो, मीबी पानीच म्हणते. थेरपी माझ्यापासून सुरू कर. फी देते.” अडीच वर्षांच्या पोराचा ‘र’ येत नाही म्हणून तिने लांबलचक उपचार योजला होता, तोही फाडला गेला, कारण ‘र’ उशिराच येतो. घरात मराठी आणि बाहेर हिंदी, त्यामुळे लेकरू मागं पडलं, ही तक्रार घेऊन येणाऱ्या आजीला मात्र मॅडमनी स्वतः बसवून समजावलं: दोन भाषांनी बोलणं अडत नाही. समजावणं तासभर चाललं, कारण सेशन संपलं होतं.

माझं मत विचाराल तर इतकी बडबडी बाई इतकी चांगली ऐकणारी मी दुसरी पाहिली नाही. तुमच्या घरातलं लेकरू दोन वर्षांचं होऊनही शब्द काढत नसेल, तर जिभेला वेखंड चोळत बसू नका. आधी कान तपासून घ्या. मग मॅडमकडे या, पण लेकराऐवजी तुम्ही उत्तर देऊ नका. आजी-आजोबांच्या फुल्यांची वही वेगळी आहे.