ब्रश वाळत घालायचा कुठे?

आषाढात खोपोलीत कोणी काही वाळत घालतं ते वाळेल म्हणून नव्हे. घालायचं म्हणून घालायचं. समुद्रावरून आलेले ढग बोरघाट चढण्याआधी, वडापावला थांबणाऱ्या ट्रकवाल्यांसारखे आमच्या डोक्यावर विसावतात आणि ओझं इथेच हलकं करून पुढे जातात. वर जाऊन पडलेलं पाणीही आमचा पिच्छा सोडत नाही. लोणावळ्याच्या धरणांतलं पाणी टाटांनी १९१५ पासून मोठमोठ्या पाइपांतून खाली खोपोलीला उतरवलंय. इथे त्याची वीज होते आणि मग ते पाताळगंगेला लागतं. म्हणजे वरून पाऊस आणि बाजूनेही पाणीच. टॉवेल ओला, पायमोजे ओले, पोरांचे गणवेश इस्त्रीखाली वाफा सोडतायत, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी. अशा गावात दात घासायचा ब्रश तेवढा कोरडा असावा, हा विचार आमच्या घरात कोणाला शिवलाही नव्हता.

माझी पुतणी दंतवैद्यक शिकते. चार दिवस राहायला आली, हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेली आणि ब्रशचा स्टीलचा ग्लास हातात घेऊनच बाहेर आली. पाच ब्रश त्यात गळ्यात गळे घालून उभे होते. तिने ते उपसले आणि ग्लास माझ्या नाकाखाली धरला. तळाशी बोटभर पाणी, त्याखाली पेस्टचा करडा गाळ आणि पाणी जिथे काठाला टेकतं तिथे गुलाबी, बुळबुळीत वर्तुळ.

“काका, हे रोज तोंडात जातंय.”

मग तिने घरच्यांचा तासच घेतला. ब्रश वापरला की वाहत्या नळाखाली केसांतून अंगठा फिरवून धुवायचा, झटकायचा आणि उभा ठेवायचा. एकाचं डोकं दुसऱ्याला लागता कामा नये. प्लास्टिकची टोपी घालायची नाही. तिच्यात ओल कोंडते आणि जंतूंचं फावतं. कमोडचं झाकण लावल्याशिवाय फ्लश करायचं नाही, कारण बारीक तुषार हवेत उडतात. तीन-चार महिन्यांनी, किंवा केस फिसकटले तर त्याआधीच, ब्रश बदलायचा. आणि मुख्य म्हणजे तो मोकळ्या हवेत वाळला पाहिजे.

“कुठल्या हवेत?” बायकोने खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर घाट नव्हताच; नुसतं पांढरं धुकं होतं.

आईने सगळं खापर ब्रशवरच फोडलं. तिच्या वडिलांनी जन्मभर राखुंडी लावली. बोट धुतलं, धोतराला पुसलं, काम संपलं. बोटाला ना ग्लास लागतो ना टोपी. ब्रशचे केस डुकराचे असतात, हे आजोबांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि एके काळी ते खरंही होतं. नायलॉनच्या केसांचे ब्रश अमेरिकेत १९३८ साली विकायला आले, पण आजोबांनी काही मत बदललं नाही. राखेने त्यांच्या दातांचं कवच झिजलं असणार, असं पुतणी म्हणाली. “अगं, दातच गेले होते, कवचाचं काय घेऊन बसलीस?” आई म्हणाली.

फिसकटलेले ब्रश बाद झाले. आईने ते फेकू दिले नाहीत. एक शिवणयंत्राकडे गेला, दांड्याला भोक असलेला परकराच्या नाड्या ओवायला. नवे पाच आले आणि घरात कोरड्या जागेचा शोध सुरू झाला. ओट्यावरून आईने हाकललं: उष्टी वस्तू. खिडकीत झड. फ्रीजच्या मागे छान ऊब असते, पण तिथे माझे पायमोजे होते. शेवटी पुतणीलाच जागा सापडली. देवघर! समई तेवत असते म्हणून तो कोपरा पावसाळ्यातही कोरडा असतो. काड्यापेटी आणि कापूर आम्ही तिथेच ठेवतो. तिथे एक ब्रश आधीपासून होताही.

तो देवांचा. समई आणि निरांजनाच्या नक्षीत पीतांबरी घालून घासायचा. दर गणपतीला आई तो नवा आणते. काम झालं की वाहत्या पाण्याखाली त्याचे केस बोटाने पिंजून धुते, झटकते आणि खिळ्याला एकटाच टांगते. त्याने बाथरूमचं तोंड पाहिलेलं नाही.

“आजी, तू तर आमचं पुस्तकच पाळतेयस! मग आमचेही ब्रश इथेच...”

“तोंडात घातलेले?” आईने एवढंच विचारलं. दंतवैद्यक तिथेच आटोपलं.

सोवळ्याचा हा हिशोब तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आला. ब्रश तोंडात जातो म्हणून उष्टा. उष्टा म्हणून देवघर बंद, ओटा बंद. सगळीकडून हाकललेला तो शेवटी कमोडशेजारी जाऊन उभा राहतो आणि सकाळी तिथून थेट तोंडात. पितळेच्या समईची जी बडदास्त, ती आमच्या हिरड्यांच्या नशिबी नाही.

सध्या ब्रश हॉलमध्ये आहेत. टीव्हीजवळचा सेट टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू असतो म्हणून कोमट राहतो, हा शोध बायकोचा. त्याच्या बाजूला, चपलांच्या खोक्याला बोटभर अंतरावर भोकं पाडून, पाचही जण ताठ उभे. वाळतातही झकास, वीज गेली नाही तर.

परवा मंडळाची पोरं गणपतीची वर्गणी मागायला आली. मी पाकीट शोधतोय तोवर त्यातला एकजण खोक्यासमोर वाकून उभा.

“काका, धंदा टाकलात काय? निळा कितीला?”

“निळा माझा आहे,” आतून आई कडाडली. “ठेव खाली!”